ठोकळेबाई

"हे तीन तुकडे मिळून एक चकती व्हायला पाहिजे ना?" बाईंनी विचारलं.

"हो तर," कंपनीचा माणूस म्हणाला. "एक-तृतीयांश, एक-तृतीयांश, एक-तृतीयांश. तीन जोडले की पूर्ण."

बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर तिन्ही हिरवे तुकडे एकमेकांना भिडवले आणि चकती त्याच्यापुढे सरकवली. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीतून टेबलाच्या काचेखालचं सुट्ट्यांचं वेळापत्रक वाचता येत होतं.

"थोडं दाबून बसवा."

"दाबलं की दुसरीकडं उघडतं."

"अहो, मुलांना एवढं कळत नाही, बाई."

"मुलांनाच कळतं. आपल्याला नाही कळत, कारण आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं."

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. समिती तिघांची होती: ते स्वतः, विज्ञानाचे तरुण सर आणि 'अनुभवी शिक्षिका' म्हणून तिसरीच्या बाई. शैक्षणिक साहित्य निवड समिती असं तिचं नाव फाइलवर मोठ्या अक्षरांत होतं. टेबलावर मात्र एकच खोकं होतं.

"बाकीची खोकी कुठायत?" बाईंनी विचारलं.

"कुठली बाकीची?"

"निवड करायची म्हणजे कशातून तरी करायची ना? कशातून निवडायचं?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यातून," ते म्हणाले.

विज्ञानाचे सर खुदकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

मग बाईंनी तराजू बाहेर काढला. पिवळ्या प्लॅस्टिकचा, दोन वाट्यांचा. एका वाटीत दहा निळे ठोकळे टाकले, दुसरीत दहा. डावी वाटी खाली गेली. सगळे ठोकळे काढून पुन्हा टाकले, या वेळी उजवी खाली गेली. बाईंनी दांडीला बोटानं टिचकी मारली. दांडी ओल्या वेलीसारखी लवली, आणि मधली खीळ तिच्या भोकात इकडून तिकडे फिरली.

"वारा लागला असेल," कंपनीचा माणूस म्हणाला आणि उठून त्यानं पंखा बंद केला.

पंखा बंद झाल्यावर डावी वाटी खाली गेली.

त्या दिवशी बाईंनी अभिप्रायाच्या रकान्यात तीन मुद्दे लिहिले. अपूर्णांकाच्या तुकड्यांत फट राहते. तराजू समान वजन समान दाखवत नाही. दहाची पट्टी दहा सुट्या ठोकळ्यांपेक्षा आखूड आहे. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं, फळ्यावरच्यासारखं गोल आणि सुटं.

बाई एकवीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या, तेही व्हरांड्याच्या टोकाच्या त्याच खोलीत. शाळेत सगळे त्यांना ठोकळेबाई म्हणत. मुलं मागे म्हणायची, शिक्षक तोंडावर म्हणायचे, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट आतून थोडं बरंच वाटे.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट होतं. त्यात एक-एकाचे सुटे ठोकळे होते, दहाच्या कांड्या होत्या, शंभराच्या फरशा होत्या. एक काटा फिरवला की दुसरा आपोआप सरकणारं घड्याळ होतं, अपूर्णांकांच्या चकत्या होत्या आणि एक तराजू होता, त्याच्या एका वाटीत चिंचोका टाकला तरी तो दखल घ्यायचा. हे सगळं बाईंच्या नवऱ्यानं केलेलं. ते सुतार. जन्मभर लोकांची कपाटं आणि दारं करत आले, आणि त्यातून उरलेल्या तुकड्यांतून बायकोची तिसरी उभी केली.

सुरुवातीच्या वर्षांत यावरून घरात खूप खटके उडाले होते.

"ही कांडी दहा सुट्यांपेक्षा केसभर मोठी आहे," बाई म्हणायच्या.

"केसभर! अगं, दाराला एवढं चालतं."

"दाराला चालत असेल. तिसरीला नाही चालत. एखादं पोर लावून बघणार, आणि मग जन्मभर गणितावर विश्वास ठेवणार नाही."

ते कुरकुरायचे, पण कांडी परत घेऊन जायचे आणि रंधा मारून आणायचे. तराजूची दांडी तर त्यांनी नऊ रविवार घासली होती.

वस्तू असणं सोपं, ती कधी काढायची हे कळणं त्याहून अवघड, आणि ती कधी परत ठेवायची हे सर्वांत अवघड, असं बाईंचं मत होतं. एखादा मुलगा वजाबाकी करताना कांडी मोडून तिचे दहा सुटे करून घ्यायचा. आठवडाभर, दोन आठवडे. मग एके दिवशी बाई त्याच्यापुढचे ठोकळे उचलून घ्यायच्या. तो क्षणभर भांबावायचा, आणि मग त्याचा हात रिकाम्या बाकावर तसाच हलायचा, नसलेली कांडी उचलून नसलेले दहा सुटे मांडायचा. तो हात हलला की बाईंना कळायचं, की आता ते डोक्यात गेलं. असे हात त्यांनी एकवीस वर्षांत किती पाहिले असतील! त्यासाठीच त्या शाळेत येत होत्या म्हटलं तरी चालेल.

पण त्या कपाटाची किल्ली एकच होती आणि ती बाईंच्या पर्समध्ये असायची. दुसरीच्या बाई एकदा पंधरा दिवसांसाठी ठोकळे मागायला आल्या होत्या. "हरवले म्हणजे?" एवढंच विचारून ठोकळेबाईंनी त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं होतं. त्यानंतर कोणी मागायला आलं नाही.

समितीच्या बैठकीनंतर चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. टेबलावर कोरा फॉर्म होता.

"नवा फॉर्म कशाला, सर? मी तर लिहून दिलाय."

"त्याच्यावर चहा सांडला."

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. मुलांना मारणाऱ्या एका शिक्षकाला त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या जबाबदारीवर घरी बसवलं होतं. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"बाई, वरून ठरलंय. आपण नाही म्हटलं तर खोकी यायची थांबणार आहेत का? खोकी येणारच. फक्त आपल्या शाळेपुढे 'असहकार' असा शेरा लागेल. तुमच्या वर्गात पन्नास पोरं कोंबून बसवलीत, दुसरी तुकडी मागितलीय आपण. ती मिळेल मग?"

बाईंनी पर्समधली किल्ली चाचपली.

"तुमच्या कपाटाला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द. तुम्ही वर्षभरात दोनचार वेळा ते खोकं काढा, फोटो काढा, पाठवा, विषय संपला. बाकी तुमचं तुम्ही शिकवा. मी कधी आडवा आलोय का?"

हे खरं होतं. ते कधी आडवे आले नव्हते. बाईंनी पेन काढलं. पन्नास पोरं आणि आपलं कपाट, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. सही करून झाल्यावर मुख्याध्यापकांनी रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं एखादा शब्द टाका. रिकामं दिसायला नको."

बाईंनी लिहिलं: उपयुक्त.

घरी नवरा दारातच खुर्ची टाकून बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. आधी मोजमापाची रेघ हलू लागली, मग करवत, आणि मग त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं. आता कपाटातली एखादी कांडी हरवली तर दुसरी होणार नव्हती.

"काय झालं गं त्या खोक्याचं?" त्यांनी विचारलं.

"ठरलं."

"कसंय ते?"

"बरंय," बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

वर्ष सुरू झालं. खोकी आली, आणि प्रत्येक वर्गात भिंतीवर एक मोठा स्क्रीन लागला. मुख्याध्यापक म्हणाले होते दोनचार वेळा. प्रत्यक्षात रोज एक फोटो पाठवायचा हुकूम निघाला. फोटोत मुलं, मंजूर साहित्य आणि शिक्षकाचा चेहरा, तिन्ही हवं. बाईंनी त्यातूनही वाट काढली. पहिली दहा मिनिटं प्लॅस्टिक, हसरा फोटो, की दार लोटून घ्यायचं आणि कपाट उघडायचं. मुलांना या लपवाछपवीची गंमत वाटायची. व्हरांड्यात पावलं वाजली की ठोकळे पटापट डब्यात जायचे, आणि सगळा वर्ग असा साळसूद बसायचा की बाईंनाच हसू यायचं.

दाराजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. बारीकशी, कायम एक वेणी सुटलेली. वर्गानं तिला वकील असं नाव ठेवलं होतं, कारण तिला कुठलीच गोष्ट एका वेळी पटत नसे. तीस आणि सत्तर शंभर होतात हे तिनं शंभराच्या फरशीवर कांड्या लावून तीनदा तपासलं होतं. तिसऱ्यांदा तपासून झाल्यावर ती म्हणाली होती, "बाई, बरोबर आहे तुमचं." बाईंनी ते घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं, आणि दोघं कितीतरी वेळ हसले होते.

सहामाहीच्या आधी तपासणी आली. तपासणीच्या मॅडम हसतमुख होत्या, बोलायला मऊ होत्या. त्या मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी जाऊन बसल्या. मुख्याध्यापक दारात उभे राहिले.

"आज तराजू दाखवा ना," मॅडम म्हणाल्या. "नव्या संचातला. मुलांना हातांनी करू दे."

बाईंनी पिवळा तराजू टेबलावर मांडला. कोणाला बोलवावं याचा विचार करायच्या आधीच वकील उठून पुढे आली होती, कारण वस्तू निघाली की ती नेहमीच उठायची.

"दहा इकडं ठेव, दहा तिकडं," बाई म्हणाल्या.

मुलीनं मोजून ठेवले. दांडी लवली, उजवी वाटी टेबलाला टेकली.

"हं. काय झालं, सांग बघू सगळ्यांना."

मुलीनं वाटीकडे पाहिलं. खाली वाकून वाटीच्या बुडाकडे पाहिलं. ठोकळे पुन्हा मोजले. मग तिनं बाईंकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, दिसतंय ते सांगू, की बरोबर ते सांगू?"

वर्गात कोणी हसलं नाही. पन्नास मुलांना तो प्रश्न रास्त वाटला होता.

बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. एकवीस वर्षं त्या तेच सांगत आल्या होत्या. दिसतंय ते सांग, बाळा, मग आपण बघू असं का दिसतंय. ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेही होते. पण मागच्या बाकावरून मॅडम प्रेमळपणे मान हलवत होत्या, दारात मुख्याध्यापकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, आणि मॅडमच्या पाठीशी कपाट होतं.

"बरोबर ते सांग," बाई म्हणाल्या.

"समान," मुलगी म्हणाली.

ती जागेवर जाऊन बसली. जाताना तिनं बाईंकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. खेळाचा नवा नियम समजल्यावर मुलं मान डोलावतात, तशी तिनं मान डोलावली. तिनं रागानं पाहिलं असतं तर फार बरं झालं असतं, असं बाईंना पुढे अनेकदा वाटलं.

"हुशार आहे हं," मॅडम म्हणाल्या. उठता उठता त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं. "आणि यात काय?"

"जुनं साहित्य आहे," मुख्याध्यापक घाईनं म्हणाले. "असंच पडलंय."

बाईंना किल्ली काढावी लागली. मॅडमनी शंभराची फरशी हातात घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"किती सुरेख आहे! घरी केलंय?"

"माझ्या मिस्टरांनी."

"पण मंजूर यादीत नाही ना हे." त्यांना खरंच वाईट वाटत असावं. "दोन प्रकारचं साहित्य असलं की मुलांचा गोंधळ होतो, बाई. आणि नवं तर तुम्हीच निवडलंय." त्यांनी हातातली फाइल उघडून पान बाईंपुढे धरलं. "हे बघा ना. 'उपयुक्त.' तुमचीच सही आहे."

बाईंनी सही पाहिली. अक्षर गोल आणि सुटं होतं.

सहामाही सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या सकाळी कपाटाला कुलूप नव्हतं. आत खोक्यांच्या वर खोकी रचली होती, सगळी सीलबंद. खालच्या खणात लाकडाचा भुसा तेवढा राहिला होता.

शाळेच्या शिपाईमामांना बाईंनी व्हरांड्यातच गाठलं.

"मामा, माझे ठोकळे?"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. "बाई, मला वाटलं तुम्हाला सांगितलंय. सर म्हणाले, रिकामं करा. मागं संडासाचं काम चाललंय ना, त्या बांधकामावरच्यांनी पाणी तापवायला नेलं सगळं. चांगलं वाळलेलं लाकूड होतं." ते जरा थांबले. "भुरूभुरू जळालं म्हणाले."

मुख्याध्यापकांच्या खोलीत बाई न विचारता गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

"सर, तुम्ही शब्द दिला होतात."

"बाई, बसा. माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. लेखी आलं."

"मला एक फोन करायचात. मी येऊन घेऊन गेले असते."

फोन करायचं मुख्याध्यापकांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की बाईंना भांडायलाही काही उरलं नाही. सरांनी टेबलावरचा एक कागद उचलला, वाचल्यासारखं केलं आणि परत ठेवला. "दुसरी तुकडी मात्र मंजूर होईल बहुतेक," ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कळलेलंच होतं. विज्ञानाचे सर खिडकीबाहेर बघत बसले. दुसरीच्या बाईंनी आपला डबा बंद केला.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहून दिलं तर निदान पुढं तरी..."

"काय लिहून द्यायचं?" दुसरीच्या बाईंचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. "खरं सांगू का, ठोकळेबाई? ते ठोकळे आम्ही कधी हातात घेतले होते? मुलं तुमच्याकडं एक वर्ष असतात. त्याआधी माझ्याकडं असतात. मी काड्यांच्या जुड्या बांधून शिकवते. तुम्ही एकदा त्या जुड्या बघून हसला होतात. आठवतंय?"

बाईंना आठवत होतं. एका जुडीत अकरा काड्या निघाल्या होत्या.

"माझ्या काड्यापण टाकून दिल्या त्यांनी," दुसरीच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते."

घंटा झाली. सगळे उठून आपापल्या वर्गावर गेले.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगायचं ठरवलं. खुर्चीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "अहो, कपाट रिकामं केलं त्यांनी. सगळं जाळलं."

ते रस्त्याकडेच बघत राहिले. "माहितेय. मामा भेटला होता, न्हाव्याकडं. आठ दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तू बोलशील म्हणून थांबलो."

बाई खाली पायरीवर बसल्या. "मी सही केली होती. त्या खोक्यावर. उपयुक्त आहे असं लिहून दिलं."

"तेपण सांगितलं त्यानं."

बाईंना वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. नऊ रविवारांचं बोलतील. ओरडले असते तरी चाललं असतं. त्या त्याचीच वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "त्या हिरव्या तुकड्यांत फट राहते म्हणालीस ना तेव्हा? ती का राहते, सांगितलंस का त्यांना?"

"नाही."

"करवतीचं पातं थोडं लाकूड खातं. चकतीचे तीन भाग करताना पात्याची जाडी आधी धरावी लागते. ती धरली नसेल."

"ते प्लॅस्टिक आहे हो. साच्यातलं."

"मग साचा करणाऱ्यानं धरली नसेल," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे होतंस. सांगितलं की कळतं माणसाला."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाई उठून आत गेल्या, कारण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

उरलेलं वर्ष स्क्रीनवर गेलं. स्क्रीनवर कांडी आपोआप मोडायची, दहा सुटे ठोकळे रांगेनं उड्या मारत यायचे, आणि टाळ्यांचा आवाज व्हायचा. मुलंही टाळ्या वाजवायची. बाई त्यांच्या हातांकडे बघायच्या. हात मांडीवर असायचे.

वार्षिक परीक्षेत तोंडी होती. एकेक मूल टेबलाशी यायचं, दहा ठोकळे इकडं, दहा तिकडं ठेवायचं, आणि काय दिसलं ते सांगायचं. पाच गुण. वकिलाचा नंबर आला. तिनं भराभर ठोकळे ठेवले. डावी वाटी ठक्कन खाली गेली. मुलगी वाकली नाही, तिनं मोजलं नाही, वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सबंध वेळ बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"समान," ती म्हणाली.

बाईंनी तिला पाच गुण दिले. दुसरं काय देणार? मग त्या थोडा वेळ पेन हातात धरून बसून राहिल्या. मागच्या मुलानं विचारलं, "बाई, मी येऊ?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ये."

जूनमध्ये नवी मुलं आली. तुकड्या दोन झाल्या होत्या, मुख्याध्यापकांचा तो शब्द तरी खरा ठरला. बाईंच्या वाट्याला अडतीस मुलं होती. निवृत्तीला तीन वर्षं होती. राजीनाम्याचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही, पण घरी दोघंच, आणि त्यातल्या एकाचे हात चालत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी वीज गेली. स्क्रीन काळा पडला. मुलं थोडा वेळ त्या काळ्या स्क्रीनकडेच बघत राहिली. बाईंनी कपाटाकडे पाहिलं, त्यातल्या सीलबंद खोक्यांकडे पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "चला, सगळे मैदानात."

मैदानावर कोवळं ऊन होतं. बाईंनी दहा मुलांना एकमेकांचे हात धरून रांगेत उभं केलं. मग आणखी दहांना. मग आणखी दहांना. आठ मुलं उरली, ती एकेकटी उभी राहिली.

"किती?" बाईंनी विचारलं.

"अडतीस!"

"या अडतीसातले नऊ मला त्या पाण्याच्या टाकीपाशी पाहिजेत. पण जे सुटे आहेत तेच जाऊ शकतात. जा."

आठजण धावत टाकीपाशी गेले आणि मागे वळून बघू लागले. नववं कोण? रांगांमधली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी म्हणालं, आठच आहेत, होणारच नाही. कोणी म्हणालं, बाईंचं चुकलं. शेवटी मधल्या रांगेतला एक जाडसर मुलगा, दोन्ही हात दोन्हीकडे गुंतलेले तसाच, हळूच म्हणाला, "बाई, आम्हाला हात सोडायला लागतील."

"किती जणांना?"

त्यानं रांगेवरून नजर फिरवली. "सगळ्यांना."

"मग सोडा."

दहाही जणांचे हात सुटले. एकजण टाकीकडे पळत गेला. उरलेले नऊजण सुटे होऊन उन्हात विखुरले, आणि बाकीच्या दोन रांगा त्यांच्याकडे नवलानं बघत राहिल्या. बाईंनी विचारायच्या आधीच कोणीतरी ओरडलं, "एकोणतीस!"

तेवढ्यात चौथीची रांग ग्रंथालयाकडे निघाली होती. तोंडावर बोट, एकामागे एक. वकील त्यांच्यात होती. वेण्या आता दोन्ही घट्ट होत्या. पुढच्या मुलीच्या पाठीवर नजर ठेवून ती मैदानाच्या कडेनं निघून गेली. बाई ती वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या.

मुख्याध्यापक खिडकीत आले. त्यांनी मैदानाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

व्हरांड्यातले पंखे एकदम फिरू लागले. वीज आली होती, आजचा फोटो पाठवायचा राहिला होता. बाईंनी टाळी वाजवली आणि मुलांना आत पाठवलं. सगळ्यांचे हात सुटले, फक्त पहिल्या रांगेतल्या दोन मुली हात सोडायला तयार होईनात. वर्गाच्या दाराचं एकच झाप उघडं होतं, दोघी एका वेळी मावेनात. त्या दारात अडल्या, हसल्या, आणि मग तिरक्या होऊन, हात तसेच धरून, आत गेल्या.

बाईंनी मागून दार लोटलं आणि स्क्रीन लावला.